स्वभाव, तब्येत आणि उतारवयातली आठवण

'साठी, बुद्धी नाठी' ही म्हण आपण फार सहज वापरतो. घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं, की वय झालं म्हणून विषय संपवतो. विसरण्यात वयाचा वाटा असतोच; पण स्वभावाचा आणि तब्येतीचाही असतो. आणि तिथे आपल्याला काही करता येतं.

आमच्या फैजपूरला डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, सजावट नंदलाल बोस यांची होती. लहानपणी ते पाहिलेली माणसं म्हातारपणीही त्याचं वर्णन रंगवून सांगत. पण सकाळची गोळी घेतली का, म्हणून विचारलं की गप्प होत. वारंवार सांगितलेली जुनी आठवण मेंदूत पक्की रुजलेली असते. नवी गोष्ट टिपून ठेवणारा मेंदूचा भाग मात्र आधी थकतो. म्हणून 'जुनं सगळं आठवतंय, म्हणजे ठीक आहे' असं समजू नये.

आता स्वभावाकडे येऊ. अमेरिकेत शिकागोच्या संशोधकांनी ९९७ वृद्ध जोगिणी, धर्मगुरू आणि धर्मबंधूंचा बारा वर्षांपर्यंत अभ्यास केला. २००७मध्ये निष्कर्ष छापून आले. नेटक्या, शिस्तीच्या, हाती घेतलेलं काम पुरं करणाऱ्या माणसांना अल्झायमर होण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं. मृत्यूनंतर मेंदू तपासले, तेव्हा नेटक्या माणसांच्या मेंदूतही आजाराच्या खुणा काही कमी नव्हत्या. म्हणजे खुणा असूनही त्यांची बुद्धी जास्त काळ टिकली असावी. उलट, सतत काळजी करणाऱ्या, मनाला लावून घेणाऱ्या माणसांत स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असल्याचं इतर अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

असं का व्हावं? एक कारण अगदी साधं आहे. नेटका माणूस गोळ्या वेळेवर घेतो, फिरायला जातो, तंबाखूपासून लांब राहतो. काळजीखोर माणसाची झोप मोडते, तो लोकांत मिसळत नाही. स्वभावाचा बराचसा परिणाम असा सवयींच्या वाटेने शरीरापर्यंत पोचतो.

इथे घाबरून जायचं कारण नाही. हे आकडे समूहाचे असतात, एकट्या माणसाचं भविष्य सांगत नाहीत. शिस्तीच्या माणसालाही हा आजार होतो, त्यात त्याचा दोष नसतो. आणि स्वभाव बदलत नसला, तरी सवय उसनी घेता येते. आपल्याकडचा बागायतदार केळीच्या खताची आणि पाण्याची वेळ चुकवत नाही. तोच नेम त्याने रक्तदाबाच्या गोळीला लावावा, एवढंच मागणं आहे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४मध्ये चौदा टाळता येण्याजोगे धोके सांगितले. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं हे त्यांतले काही. सगळे दूर करता आले, तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यांतलं प्रमाण शहरांपेक्षा जास्त आहे.

आणखी एक सांगतो. शांत आजी अचानक संशय घेऊ लागली, हौशी बापू ओट्यावर येईनासे झाले, तर 'म्हातारपणी स्वभाव बिघडला' म्हणून सोडून देऊ नका. कधी ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते, कधी नैराश्य, तर कधी थायरॉइडचा किंवा बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा त्रास. यातल्या काही गोष्टी औषधाने चांगल्या सुधारतात; मात्र वेळेवर डॉक्टरांकडे जायला हवं.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचे कान, डोळे, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. गोळ्यांची वेळ भिंतीवर लिहून ठेवा. संध्याकाळी त्यांना चार माणसांत बसू द्या. आणि तेच ते पुन्हा विचारलं, तर चिडू नका, पुन्हा सांगा.