घरी केलेले आमिष



गरी टाकायची म्हटली की पहिला प्रश्न येतो तो आमिषाचा. घाटाखाली खाडीवर कोलंबी किंवा तारलीचा तुकडा लावतात. आम्हां आंबोलीकरांना परसातल्या उकिरड्यातले गांडूळ पुरत आले आहे. पण अलीकडे तरुण मुलांच्या पिशवीत निराळेच आमिष दिसते. रबरासारखे मऊ, रंगीत, शेपूट वळवळणारे गांडूळ किंवा मासोळी. बाजारात त्याला बरेच पैसे पडतात, म्हणून मुले ते घरीच ओतू पाहतात. मीही ते करून पाहिले. माझा विषय अर्थशास्त्र, रसायन नव्हे; तेव्हा जे सांगतो ते थोडे विचारून आणि बरेचसे हात भाजून शिकलेले आहे.

हे आमिष रबराचे नसतेच. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे टायरांच्या कारखान्यांचे शहर आहे. तेथे निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ साली, पत्नीच्या सोबतीने, स्वयंपाकघरातच पहिले मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. म्हणजे ही विद्या मुळातच घरगुती. आपल्या बागायतीत पाण्याचे जे पीव्हीसीचे पाइप असतात, त्याच पदार्थाची बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवलेली असते. ती दिसते दुधासारखी. तापवू लागले की आधी खळीसारखी घट्ट होते आणि पावणेदोनशे अंश सेल्सियसच्या सुमारास पातळ व नितळ होते. त्यात रंग घालून साच्यात ओतायचे. निवले की आमिष तयार.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. त्यासाठी आधी मूळ आकृती हवी. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरीत आले, कारण ते हलके व कोरायला मऊ. मीही पांगाऱ्याच्या तुकड्यातून बोटभर गांडूळ कोरले, त्याला तेल चोपडले आणि ओल्या प्लास्टरात अर्धे दाबून बसवले. तास-दोन तासांनी ते अलगद निघाले. इथवर सारे ठीक झाले.

चूक पुढे झाली. तो महिना श्रावणाचा. आमच्या गावी वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, तिथे प्लास्टर काय वाळणार? साचा वरून पांढरा, कोरडा दिसत होता. आत ओल होती. उकळत्या पाण्याहून कितीतरी तापलेला तो रस ओतताच आतल्या पाण्याची वाफ झाली आणि रस फुटाण्यासारखा उडाला. तापलेले प्लास्टिक कातडीला चिकटते, झटकून जात नाही. माझ्या मनगटावर त्याची खूण अजून आहे; डोळा वाचला तो केवळ चष्म्यामुळे. शिवाय रस जास्त तापला तर पिवळा पडतो, मग करपतो आणि त्यातून आम्लाचा धूर निघतो. त्याने घसा धरतो, छाती भरते. म्हणून शिक्षकबंधूंना माझी विनंती, हा प्रयोग मुलांकडून करवू नका. मोठ्या माणसाने केलाच तर उघड्यावर करावा, उन्हात आठवडाभर वाळवलेल्या साच्यात करावा, आणि त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा चुलीवर चढवू नये.

आणखी एक गोष्ट एका विद्यार्थ्यामुळे कळली. त्याने आपली आमिषे पारदर्शक प्लास्टिकच्या टणक डबीत ठेवली होती. महिन्याभराने पाहतो तो डबीचा तळ मऊ होऊन त्यांना चिकटलेला! प्लास्टिकला मऊ ठेवणारा तो तेलकट द्रव त्यात पक्का बांधलेला नसतो, तो हळूहळू बाहेर पाझरतो. या जातीच्या काही द्रवांवर युरोपीय संघाने २००५ साली लहान मुलांच्या खेळण्यांत बंदी घातली. जे डबीत पाझरते ते पाण्यातही पाझरणार. आणि गरी दगडात अडकून दोरा तुटला की आमिष पाण्यातच राहते. ते कुजत नाही. माशाने गिळले तर पचत नाही.

इथे आंबोलीचा विचार मनात येतो. हिरण्यकेशी आमच्या गावात उगम पावते आणि समुद्र पश्चिमेला इतका जवळ असूनही वाहत जाते पूर्वेला. घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. आमच्याकडे पाण्यात पडलेली वस्तू बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते म्हणायची! या उगमाजवळच्या महादेवाच्या देवळापाशी जे कुंड आहे, त्यात बोटाएवढ्या माशाची एक नवी जात आढळली. २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला नदीचेच नाव दिले, शिस्तुरा हिरण्यकेशी. मासेमारीने ती नाहीशी होऊ नये म्हणून २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हा तिथे गरी नकोच, आमिष कसलेही असो. हौस भागवायला खाली तेरेखोलची, कर्लीची खाडी आहे.

पण खाडीतही प्लास्टिक कशाला, म्हणून मी दुसरा मार्ग शोधला. प्रथम जिलेटिन घेतले. ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, माशाला चालते. पण पस्तीस अंशांच्या आतच ते विरघळू लागते, आणि चैत्र-वैशाखात आपल्या खाडीचे पाणी चांगलेच कोमट असते. आमिष गरीवरून ओघळून गेले. मग वाण्याकडचे चायना ग्रास आणले. हे समुद्रातल्या लाल शेवाळापासून होते. उकळत्या पाण्यात विरघळते, कोमट झाले की थिजते, आणि एकदा थिजल्यावर पंच्याऐंशी अंशांच्या आसपास गेल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. वाटीभर पाण्याला दोन चमचे पूड, दोन चमचे ग्लिसरीन, चमचाभर सुकटीची वस्त्रगाळ पूड. ढवळत चार-पाच मिनिटे उकळावे. दोष एवढाच की ते ठिसूळ, गरीवरून तुटते. त्यावर उपाय घरातच होता. फुले ओवायला आपण केळीच्या सोपाचा धागा वापरतो, तो ओला करून साच्यात लांबीने ठेवावा आणि वर रस ओतावा. गरी त्या धाग्यातून ओवली की आमिष धरून राहते. साच्याला आधी खोबरेल लावावे.

मी रंगासाठी हळद, बीट असे बरेच उद्योग केले. शेजारचे आजोबा ते पाहून हसले. म्हणाले, "मास्तरांनू, मासो रंग बघणा नाय, हलता ता बघता." मग मी गांडुळाची शेपटी पातळ कोरली. गढूळ पाण्यात तरी त्यांचेच खरे ठरले. कर्लीच्या मुखाशी या आमिषाला एक तांबोशी लागली, आणि पुढचे तीन रविवार काही लागले नाही, हेही सांगितले पाहिजे. बाजारातले आमिष दिवसभर टिकते. हे दोन-तीन झटक्यांत संपते. पण तुटून पडले तर मासे-कुर्ल्या ते खाऊन टाकतात. गरी मात्र लोखंडाची घ्यावी, गंजणारी. स्टेनलेस स्टीलची नको.

तयार आमिषे जाड मिठात घालून काचेच्या बरणीत ठेवावीत. थंडीत चार दिवस राहतात. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी बुरशी धरते, म्हणून तेव्हा लागतील तेवढीच करावीत.