फुकट आणि मुक्त : हौशी छायाचित्रकाराची निवड

(हीरकमहोत्सवी वर्षातील व्याख्यान)



छायाचित्रणाची हौस मराठी माणसाला नवी नाही. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यात सहभागी होते. पेशा वैद्यकीचा, ध्यास छायाचित्रांचा. त्या काळच्या हौशी माणसाला कॅमेऱ्याबरोबर अंधारखोलीही स्वतःच उभारावी लागे. आज ती अंधारखोली संगणकात आली आहे. परंतु तिची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

भनपुरीतील हिवाळी सकाळ धुराने आणि धुळीने फिकटलेली असते. अशा उजेडात टिपलेल्या बगळ्याची पिसे जेपेग चित्रात अनेकदा एकाच पांढऱ्या डागात हरवतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 छटा मावतात, तर 14 बिटांच्या रॉ फाइलीत 16,384. म्हणून हौस गंभीर असेल तर छायाचित्र रॉमध्ये टिपावे, आणि त्यावर मूळ फाइलीला धक्का न लावता संस्करण करणारे सॉफ्टवेअर निवडावे.

येथे बहुतेकांची नजर ‘फुकट’ या शब्दावर जाते. हा शब्द फसवा आहे. गूगलचे पिकासा फुकट होते आणि घरोघरी वापरले जाई. 2016 मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी गूगलने निक कलेक्शन हा मूळचा महागडा संच विनामूल्य केला, तेव्हा हौशी मंडळींना मोठा आनंद झाला. पुढच्याच वर्षी तो डीएक्सओ या कंपनीकडे गेला आणि नव्या आवृत्त्यांना किंमत लागली. यात लबाडी कोणाचीच नव्हती. वस्तू मालकाची होती, त्याने ती काही काळ वापरू दिली, एवढेच.

मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली असते. एक कर्ता थांबला तर दुसरा काम पुढे नेऊ शकतो. गिम्पचेच पाहा. 1995 मध्ये बर्कले येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याचा आरंभ केला. ते दोघे केव्हाच दूर झाले, तरी 2025 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली.

मात्र गिम्प रॉ फाइल स्वतः उघडत नाही. ती डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवते. खरी निवड या दोहोंत आहे. डार्कटेबलमध्ये चित्राच्या नेमक्या भागापुरता बदल करण्याची सोय उत्तम. पण ते शिकायला चिकाटी लागते आणि चांगले ग्राफिक्स कार्ड असले तर ते अधिक वेगाने चालते. रॉथेरपी सारे काम मुख्य प्रोसेसरवरच करते, त्यामुळे असे कार्ड नसले तरी तिथे काही अडत नाही. धुरकटपणा कमी करण्याचे साधन दोन्हींत आहे. ते बेताने वापरावे, नाहीतर भनपुरीचे आकाश काश्मीरचे दिसू लागते! दोन्ही सॉफ्टवेअर केलेल्या बदलांची नोंद मूळ चित्राशेजारी एका छोट्या फाइलीत ठेवतात. ती नोंद वाचायला पुन्हा तेच सॉफ्टवेअर लागते, हे खरे. म्हणून पूर्ण झालेल्या चित्राची टिफ प्रत वेगळी ठेवणे शहाणपणाचे.

हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने घरोघरचे जुने वर्गफोटो बाहेर निघतील, आणि या निवडीचा कस तेथे लागेल. असे फोटो 16 बिटांत स्कॅन करून ती पहिली प्रत तशीच ठेवावी, आणि डाग-ओरखडे दुसऱ्या प्रतीवर गिम्पच्या साधनांनी काढावेत. पुसट झालेला चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मात्र ‘नवा’ करून घेऊ नये. तसा मिळालेला चेहरा देखणा असेल. तो त्या मुलाचा असेलच असे नाही. त्याऐवजी फोटोखाली रांगेनुसार नावे लिहावीत. गिम्पमध्ये देवनागरी मजकूर टाकता येतो, आणि ती नावे सांगणारी माणसे आज हयात आहेत.