मोडलेली मोटार : नीट करावी कीं मोडींत काढावी?

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत मोटार ही आतां केवळ हौसेची वस्तु राहिलेली नाहीं. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगांव अशा दूरच्या तालुक्यांतून एखाद्या बाळंतिणीस रात्रीं-अपरात्रीं गोंदियाच्या रुग्णालयांत आणावयाचें असलें, तर घरच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीवांचून अडतें. अशी दहा-बारा वर्षें इमानानें राबलेली गाडी एके दिवशीं रस्त्यांत कशावर तरी आदळते. धानाच्या दिवसांत मागें दिवा नसलेली ट्रॉली उभी असते, किंवा नवेगांव-नागझिऱ्याच्या रानालगत अंधारांत जनावर आडवें येतें. माणसें सुदैवानें वांचतात. गाडीचा पुढचा भाग मात्र चेपून जातो. मग गॅरेजमधला मिस्त्री विचारतो, "बोला, करायची कां सोडायची?" या प्रश्नाचें उत्तर कसें शोधावें, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

सरकारी गाड्यांपुरतें हें उत्तर नियमानेंच दिलें आहे. संरक्षणादि कांहीं विशेष वाहनें सोडून, केंद्राच्या, राज्यांच्या व एस.टी.सारख्या महामंडळांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरली. आपल्याकडे खासगी मोटारीच्या धन्यावर वयाची अशी सक्ति नाहीं. पंधरा वर्षांनंतर गाडी तपासणीस उतरली तर नोंदणी पांच वर्षांनीं वाढवून मिळते. म्हणून निर्णयाचा भार त्याच्याच शिरावर राहतो.

हा निर्णय करतांना बहुतेक गृहस्थ प्रथम खर्च विचारतात. माझ्या मतें प्रथम सांगाडा पाहावा. जीप किंवा ट्रक यांस खालीं पोलादाची स्वतंत्र चासी असते. ती सरळ असली तर वरचें पत्र्याचें काम निर्वेधपणें होतें. लहान मोटारींची रचना निराळी. त्यांत तळ, खांब आणि छत मिळून एकच पेटी असते व तीच सारा भार सोसते. अलीकडच्या मोटारींत तिचा पुढचा भाग मुद्दाम असा केलेला असतो कीं, धडक बसतांच त्यानें चुरगळावें आणि आघाताचा जोर आंतल्या माणसांपर्यंत पोंचूं देऊं नये. एकदां चुरगळलेला भाग तापवून, ठोकून ओढला तर तो दिसावयास सरळ दिसतो. परंतु पुढच्या वेळीं तो तसेंच रक्षण करील, याचा भरंवसा राहत नाहीं.

म्हणून मिस्त्रीस रंगाविषयीं विचारण्याआधीं मापाविषयीं विचारावें. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हें आपण शाळेंत शिकलों. सांगाड्यावरील डाव्या-उजव्या बाजूंच्या जुळत्या खुणांमधील तिरपीं अंतरें मोजलीं, तर तींहि सारखीं भरलीं पाहिजेत. दारें न उचलतां लागतात काय, त्यांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत काय, हें स्वतः पाहावें. ज्या पट्ट्यानें अपघातांत माणसाला धरून ठेवलें तो ताणलेला असतो, आणि एकदां फुगलेली एअरबॅग पुन्हां कामाची नसते. हीं दोन्ही नवींच घ्यावीं लागतात, आणि त्यांचा खर्च अंदाजपत्रकांत धरला आहे काय, तें विचारून घ्यावें. मुख्य खांब वांकले असतील आणि ते मापांत येत नसतील, तर दुरुस्ती कितीहि स्वस्त असो, विचार तेथेंच संपला. ती गाडी मोडींतच गेली पाहिजे.

सांगाडा शाबूत असला म्हणजे मग हिशेब. विम्याच्या सर्व्हेअरनें पाहिल्याखेरीज गाडीचा एक स्क्रूहि काढूं देऊं नये. कोणास इजा झाली असल्यास पोलिसांचा पंचनामा व मोटार वाहन निरीक्षकाची तपासणीहि आधीं व्हावी. जुन्या गाडीवर पुष्कळदां केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा असतो. तसें असेल तर आपल्या गाडीसाठीं त्यांतून एक पैहि मिळत नाहीं. सर्वंकष विमा असला, तर पॉलिसींत गाडीचें एक मूल्य लिहिलेलें असतें. गाडी पांच वर्षांहून जुनी झाल्यावर तें विमा कंपनी व धनी यांच्या संमतीनें ठरतें. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, कीं गाडी पूर्ण नुकसानींत धरितात.

समजा, मूल्य १,२०,००० रुपये आहे. तर ही मर्यादा ९०,००० रुपयांची झाली. अंदाजपत्रक ७०,००० रुपयांचें आहे. त्यांत सुटे भाग ५०,००० चे आणि मजुरी २०,००० ची. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मी घट धरितात, प्लॅस्टिक व रबर यांवरहि निम्मीच. कांचेवर मात्र घट नाहीं. भाग सारे धातूचे व प्लॅस्टिकचे असले तर कंपनी २५,००० अधिक २०,०००, म्हणजे ४५,००० रुपये देईल, आणि त्यांतूनहि पॉलिसींतील ठरावीक रक्कम वजा होईल. उरलेले २५,००० व ती वजावट आपल्या खिशांतून. त्यांत मोडकी गाडी विकून जें मिळालें असतें तेंहि मिळवावें, आणि ही बेरीज तेवढ्याच वयाची चांगली गाडी घेण्याच्या किमतीशीं ताडून पाहावी. बेरीज स्पष्टपणें कमी भरली तरच दुरुस्ती करावी. गाडी चौदाव्या वर्षांत असेल तर पुढचा खर्चहि मोजावा. १ एप्रिल २०२२ रोजीं मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचा आकार ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाला, आणि राज्याचा पर्यावरण कर निराळा.

येथें ममता आड येते. जिच्यांतून लेकीची पाठवणी झाली ती गाडी भंगारांत कशी घालावी? पण मुंबईच्या कित्येक पिढ्यांची सोबतीण असलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सीहि २० वर्षांची मर्यादा भरतांच ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. आठवण जपावयास छायाचित्र पुरतें.

मोडींत काढणेंहि रीतसर झालें पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५ प्रमाणें कायमची निकामी झालेल्या गाडीची वर्दी धन्यानें १४ दिवसांच्या आंत, किंवा शक्य तितक्या लवकर, परिवहन कार्यालयास द्यावयाची असते व आर.सी. बुक परत करावयाचें असतें. कर्ज असल्यास आधीं बँकेचा दाखला घ्यावा. २०२१ च्या नियमांनुसार नोंदलेल्या मोडकेंद्रावर गाडी दिली असतां ठेव-प्रमाणपत्र मिळतें. त्यावर नव्या गाडीची नोंदणी-फी माफ होते, आणि खासगी गाडीच्या करांत राज्यांना २५ टक्क्यांपर्यंत सूट देतां येते.

ही कटकट टाळून कित्येकजण मोडकी गाडी आर.सी. बुकासह पहिल्या येणाऱ्या भंगारवाल्यास देतात. त्या पुस्तकावरचा नंबर चोरीच्या गाडीवर चढतो, आणि पोलीस दारीं येतात ते आपल्या. याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. जी गाडी आपण आपल्या मुलांसाठीं धोक्याची ठरविली, तीच ठोकून, रंगवून दूरच्या गांवीं एखाद्या गरजू कुटुंबास विकली जाते. त्यांना तिचे वांकलेले खांब दिसत नाहींत. चकचकीत रंग तेवढा दिसतो.

तेव्हां, श्रोतेहो, आधीं सांगाडा, मग हिशेब, आणि शेवटीं ममता, हा क्रम सोडूं नये. जी गाडी आपण आपल्या नातवंडांस बसावयास देणार नाहीं, ती दुसऱ्याच्या नातवंडांसाठीं रस्त्यावर जाऊं देऊं नये.