बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

आमच्या गटाने भाजी न्यायला जुनी व्हॅन घेतली. बाजार आठवड्यातून दोनदा. मधले तीन दिवस गाडी उभी राहिली की पहाटे चावी फिरवली तरी नुसतं टक्-टक्. मग पाचजणींनी धक्का मारायचा! गॅरेजवाले दादा म्हणाले, "बॅटरी गेली, नवी टाका." त्या पैशाच्या मेथीच्या जुड्या किती होतात, तुम्हीच मोजा. आम्ही आधी मीटर आणला.

भरलेली, विसावलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. आमची 12च्या खाली, म्हणजे उतरलेली. गाडी सुरू करून पाहिलं तर 14.2. सुरू गाडीत 13.8 ते 14.5 आलं, की डायनामो चार्जिंग करतोय. मग भरलेली वीज जाते कुठे?

हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढल्या. पान्याला लागून ठिणगी उडाली तर हात भाजतो. गाडी आणि दारं बंद करून बॅटरीची उणे तार सोडली आणि मधे मीटर अँपिअरवर लावला. (तो लावलेला असताना चावी फिरवायची नाही हं, मीटर जळेल.) 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. आमचे 400! दिवसाला जवळपास 10 अँपिअर-तास गळती, आणि बॅटरी 35ची.

एकेक फ्यूज काढत गेलो. टेपचा फ्यूज निघताच आकडा 20वर. आधीच्या मालकाने टेप चावीच्या लाइनऐवजी कायम चालू लाइनवर जोडला होता. वायरमनकडून तेवढी तार बदलून घेतली. बॅटरी जुनीच आहे.

पुढच्या वेळी दिवे मंद का होतात ते बघू.