ग्रहणाचा नव्हे, आईचाही नव्हे



पाड्यावर दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की आईलाच विचारतात, "ग्रहणात विळी हातात धरली होतीस का?" म्हणून पोटातल्या बाळाचे जबडे कसे घडतात, ते आज समजून घेऊ.

गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना तोंडाच्या जागेभोवती छोटे उंचवटे येतात. खालचे दोन आधी मध्यभागी जुळतात; त्यांचा खालचा जबडा होतो. वरचे दोन दोन्ही बाजूंनी नाकाखालच्या भागाकडे वाढत जातात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास त्याला मिळतात. तेव्हा वरचा ओठ पुरा होतो. तोंडातली टाळू जुळायला बारावा आठवडा उजाडतो. जिथे जुळणी अपुरी राहते, तिथे फट राहते.

ओठ जुळतो त्या दिवसांत कित्येक बायांना आपल्याला दिवस गेल्याचेही ठाऊक नसते. आनुवंशिकता, तंबाखू, काही औषधे यांनी धोका वाढतो. पुष्कळदा एकच कारण सापडत नाही. ग्रहणाचा आणि विळीचा मात्र काही संबंध नाही.

अशा बाळाला उभे धरून, काढलेले आईचे दूध वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तीन ते सहा महिन्यांत, टाळूची वर्षाच्या आसपास होते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. अंगणवाडीताईंना सांगून नाव नोंदवा.

त्या घरी जाल तेव्हा प्रथम सासूबाईंजवळ बसा आणि सांगा, "सुनेचा दोष नाही." बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचण्याची वाट तिथूनच सुरू होते.