धरणातला मासा आणि पिंजऱ्यातला मासा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, पाण्याची चर्चा निघाली की ती उसापाशी सुरू होते आणि उसापाशीच संपते. कोणत्या कालव्याला किती आवर्तने मिळाली, कोणत्या कारखान्याचे गाळप किती झाले, याचा हिशोब गावोगावच्या पारावर तोंडपाठ असतो. परंतु याच पाण्यात मासा जगतो आणि त्या माशावर भोई, कोळी, भिल्ल समाजांतील कुटुंबे जगतात, याची नोंद त्या हिशोबात कुठेही नसते. मुळा धरण, भंडारदरा, आणि शेवगाव-नेवासे तालुक्यांत पसरलेला जायकवाडीचा फुगवटा ही केवळ सिंचनाची भांडी नव्हेत. ती मच्छिमारांची शेतेही आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यापूर्वी २०२० मध्ये केंद्र सरकारने मत्स्यसंपदा योजना आणली. तीत जलाशयांत पिंजरे उभारण्यास अनुदान आहे. दर्जा मिळाला, पैसाही आला, हे स्वागतार्हच आहे. परंतु शेतीचा दर्जा मिळाला म्हणजे शेतीचे जुने प्रश्नही दाराशी आले: जमीन कुणाची, भांडवल कुणाचे, आणि नासाडी झाली तर ती कुणाच्या माथी?

या प्रश्नांची उत्तरे जगात एका माशाने दिलेली आहेत. तो मासा म्हणजे सॅमन. कोकणच्या खाडीतल्या रावसाला इंग्रजीत ‘भारतीय सॅमन’ म्हणतात, पण दोघांचे नाते नावापुरतेच. खरा सॅमन थंड पाण्यातला, मांसभक्षक. १९७० च्या सुमारास नॉर्वेने समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांत तरंगते पिंजरे टाकून त्याची शेती सुरू केली. आज हा एक देश वर्षाला सुमारे १५ लाख टन सॅमन पिकवतो. जगातील शेतीच्या अटलांटिक सॅमनपैकी हा जवळजवळ निम्मा वाटा आहे. पण दाटीवाटीने कोंडलेल्या माशांना उवांसारखे परजीवी लागले, त्यांवर औषधांचा मारा झाला, विष्ठा आणि उष्टे खाद्य तळाशी साचले, आणि निसटलेल्या पाळीव माशांचा संकर रानटी माशांच्या मुळावर आला. शिवाय या माशाला खाऊ घालण्यासाठी पेरूच्या व पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बारीक मासळीची भुकटी होऊ लागली. गरीब किनाऱ्याच्या ताटातला मासा श्रीमंत देशाच्या टेबलावर पोचण्यासाठी आधी दुसऱ्या माशाच्या पोटात गेला!

चिलीमध्ये २००७ साली याच शेतीत विषाणूची साथ आली, उत्पादन कोसळले आणि हजारो कामगारांची रोजी गेली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २०१७ साली एक पिंजरा मोडून दोन लाखांहून अधिक परके मासे समुद्रात पसरले. पुढच्याच वर्षी त्या राज्याने परक्या माशांची पिंजराशेती हद्दपार करण्याचा कायदा केला. अर्जेंटिनाच्या टिएरा देल फ्वेगो प्रांताने तर २०२१ साली ही शेती सुरू होण्याआधीच बंद केली. नफा कंपनीचा आणि घाण सर्वांच्या पाण्याची, हाच या सर्व कथांचा सारांश आहे.

यावरून पिंजरा हेच पाप, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. पिंजऱ्यात काय कोंडले आहे, ते काय खाते आणि पिंजऱ्याची किल्ली कुणाच्या हाती आहे, हे पाहिले पाहिजे.

धरणात सोडलेले कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे अनुक्रमे पाण्याच्या वरच्या थरात, मधल्या थरात आणि तळाशी चरतात. पाण्यातील सूक्ष्म जीव, वनस्पती आणि तळाचा गाळ यांवर ते वाढतात. त्यांना विकतचे खाद्य लागत नाही. पिंजऱ्यातल्या चिलापीला किंवा पंगसला मात्र प्रत्येक घास बाहेरून द्यावा लागतो. किलोभर मासा वाढवायला साधारण दीड ते दोन किलो खाद्य जाते आणि त्यातील नत्र-स्फुरदाचा मोठा भाग पाण्यातच उरतो. त्यावर शेवाळ माजते. ते रात्रभर प्राणवायू शोषते, आणि मग एखाद्या पहाटे काठावर मेलेल्या माशांचा खच दिसतो. ज्या नद्यांत आधीच कारखान्यांचे सांडपाणी, शहरांची गटारे आणि उसाच्या रानातून वाहून आलेले खत मिसळते, तेथे हा नवा भार किती सोसेल याचे मोजमाप आधी झाले पाहिजे, अनुदानाचे वाटप नंतर.

परक्या माशांचा धडाही जुनाच आहे. १९५२ साली देशात आणलेली चिलापी आज भीमेवरील उजनीच्या पाण्यात ठाण मांडून बसली आहे. आफ्रिकी मागूर २००० सालापासून बंदी असूनही चोरून वाढवला जातो. पाण्यात एकदा शिरलेला परका मासा सरकारी परिपत्रकाने बाहेर निघत नाही.

आणि या जिल्ह्यात तर पाणीच स्थिर नसते. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि त्यानुसार तुटीच्या वर्षांत, २०१५, २०१८ व २०२३ साली, वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडले गेले. ते तत्त्व न्याय्यच आहे. परंतु त्या वादात शेतकरी बोलतो, कारखानदार बोलतो, शहरे बोलतात. मच्छिमाराला कुणी विचारत नाही. धरण आटले की मासा उथळ पाण्यात कोंडतो, बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटुकलीही ओरबाडली जाते, आणि पुढच्या हंगामाचे बीज याच हंगामात संपते. दोष भुकेल्या माणसाचा नव्हे. त्याला उद्याची हमी न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो फार दूर नाही. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने मच्छिमार सहकारी संस्था उभारली. तेथे पिंजरा आला तो बोटुकली वाढवून धरणात सोडण्यासाठी. यंत्र तेच, पण हेतू बदलताच त्याची प्रकृती बदलली. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचा विषुववृत्त पुरस्कार मिळाला.

मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांनी समाजवादी कार्यकर्ते सुनील आणि किसान आदिवासी संघटनेच्या नेतृत्वाखाली लढून १९९६ साली मासेमारीचा हक्क मिळवला. तवा मत्स्य संघाने स्वतः बीज सोडले, प्रजननकाळात जाळी बंद ठेवली, आणि उत्पादन व मजुरी दोन्ही वाढवली. तरीही २००६ नंतर, जलाशय वन्यजीव क्षेत्रात येतो या कारणाने, तो हक्क गेला. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हे लक्षात घेता शेवगाव-नेवाशाच्या मच्छिमारांनी ही कथा विसरू नये. पर्यावरणाचे नाव घेऊन गरिबाला हुसकायचे आणि विकासाचे नाव घेऊन कंपनीला बोलवायचे, ही एकाच नाण्याची दोन बाजू असलेली नीती आहे.

म्हणून कार्यकर्त्यांच्या मागण्या नेमक्या हव्यात. जलाशयावर पहिला हक्क विस्थापितांच्या आणि काठच्या मच्छिमारांच्या खऱ्या सहकारी संस्थांचा असावा. कागदी संस्थेच्या आड ठेकेदार नको. पिंजऱ्यांची संख्या पाण्याच्या सोसण्याच्या शक्तीवर ठरावी आणि पाण्याची तपासणी गावासमोर जाहीर व्हावी. परका मासा नको. कटला-रोहूबरोबर मरळ आणि वाम यांसारख्या गोदावरीच्या माशांचे बीजही तयार व्हावे. पाणीवाटपाच्या बैठकीत मच्छिमारांचा प्रतिनिधी बसावा आणि बंदीच्या काळात त्यांना निर्वाहभत्ता मिळावा.

सहकाराने या जिल्ह्याचे नाव देशभर नेले. १९५० साली प्रवरेकाठी उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना हा त्या स्वप्नाचा आरंभ होता. परंतु ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांच्यापर्यंत ते स्वप्न पोचलेच नाही. शेवगावच्या काठावर पहाटे तराफा लोटणाऱ्या मच्छिमाराच्या वडिलांची जमीन कदाचित त्याच पाण्याच्या तळाशी असेल. त्या पाण्यावर त्याचा हक्क आहे, हे मान्य करण्यापासून आरंभ करावा लागेल.