पहिल्या प्रवासाचे पैसे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. एकदा पहाटे मी अशाच एका वस्तीवर उभा होतो. भांड्यांचं गाठोडं, ज्वारीचं पोतं, कोंबड्यांचं खुराडं आणि या सगळ्याच्या वर झोपेतलं पोर. गाडीत चढण्याआधी बाईनं दाराचं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं. आता पाच-सहा महिने ती कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात राबणार, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणार.

या जाण्याचा खर्च कोण करतं? मुकादम. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे आगाऊ मिळते ती उचल. गाडी निघायच्या आत ती किराण्यात, दवाखान्यात, लग्नाच्या देण्यात संपलेली असते. मग हंगामभर टनावारी तोडून ती फेडायची. फिटली नाही, तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच मुकादम. पहिल्या प्रवासाचे पैसे ज्याचे, मजुराचा हंगाम त्याचा. म्हणून ते पैसे सरकारनं दिले पाहिजेत, हे सांगायला मी आज इथं आलो आहे.

ब्रिटननं हे फार पूर्वी ओळखलं. परगावी काम मिळालेल्या बेकाराला रोजगार विनिमय केंद्रातून भाड्यापुरते पैसे उसने देण्याची सोय तिथं १९०९ च्या कायद्यात होती.

आपल्याकडे १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदारानं विस्थापन भत्ता द्यायचा: महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांत जो जास्त असेल तो. तो परत मागायचा नाही, मजुरीतूनही कापायचा नाही. शिवाय जाण्यायेण्याचं भाडं आणि वाटेतल्या दिवसांची मजुरी. केवढी समजूतदार तरतूद! पण राज्याची हद्द ओलांडली तरच. बीडचा मजूर बेळगावला गेला तर तो या कायद्यात बसे. हद्दीच्या अलीकडे कोल्हापुरातच थांबला तर नाही. ऊस तोच, पाठीची कळ तीच. या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेत तर विस्थापन भत्ताच गळाला.

रोजगार हमीचा मला अभिमान आहे. वि. स. पागे यांची ती योजना, तिचा कायदा १९७७ चा. पण ती गावात राहणाऱ्याच्या मदतीची. केंद्राच्या २००५ च्या कायद्यानं पाच किलोमीटरपलीकडच्या कामाला दहा टक्के जास्त मजुरी देऊ केली. तीनशे किलोमीटर जाणाऱ्यानं काय करायचं?

मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, हे फार मोलाचं झालं. तशीच सोय त्यांच्या आईबापांच्या वाटेची हवी. पैसे घेऊन मजूर गेलाच नाही तर, असं मला विचारतात. मग रोख देऊ नका. दसऱ्याआधी तालुक्याच्या गावी नाव नोंदवा, येण्याजाण्याचा एसटीचा पास हातात ठेवा आणि पहिल्या पंधरवड्याचं धान्य तो उतरेल तिथल्या रेशन दुकानात भरून ठेवा.